साहेबांची फाईल वेगळी असते

पगारवही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने सहज विचारलं होतं, 'पगारपत्रक करणाऱ्याला सगळ्यांचे पगार माहीत असतात का?' मी लिहिलं, 'साहेबांचे सोडून.' या दोन शब्दांवर पत्रांचा ढीग लागला. कुणी मन मोकळं केलंय, एका गृहस्थांनी मला झोडपलंय, आणि एका मुलीने तर साहेबांच्या बिलाची झेरॉक्सच जोडलीय (ती मी फाडून टाकली, काळजी नसावी). म्हणून यावेळची सगळी पानं याच विषयाला. नावं, गावं, कंपन्या गाळल्या आहेत.

नव्या वाचकांसाठी : मी ३४ वर्षं एका कंपनीच्या पगार विभागात होते. आधी टाइम ऑफिसात मस्टर, मग पगारपत्रक, आणि शेवटची सहा वर्षं ती दुसरी फाईलसुद्धा माझ्याकडे आली. तेव्हा 'साहेबांचे सोडून' हे पहिल्या अठ्ठावीस वर्षांपुरतं खरं.

प्रश्न : ताई, मी अठरा वर्षं एकाच कारखान्यात मशीनवर आहे. यंदा पत्र मिळालं, 'बाजारातली परिस्थिती कठीण असल्यामुळे पगारवाढ ३ टक्के.' त्याच आठवड्यात मुलीने कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाइलवर उघडून दाखवला. एमडींच्या पगारातली वाढ मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. कंपनी एकच, परिस्थिती एकच, मग हिशेब दोन कसे? आणि साहेबांचा आकडा ठरवतं तरी कोण?

उत्तर : दादा, चष्मा बरोबर आहे तुमचा. हिशेब दोन, कारण फायली दोन.

तुमची फाईल मला अजून पाठ आहे. महिन्याच्या २५ तारखेला टाइम ऑफिसातून मस्टर यायचं. लेटमार्क लाल शाईत. तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापायचा. ओव्हरटाइमचे तास सुपरवायझरच्या सहीशिवाय धरायचे नाहीत, आणि सही हमखास राहिलेली असायची, म्हणजे ते पैसे पुढच्या महिन्यावर. बिनपगारी रजा, अ‍ॅडव्हान्सची वजावट, पतपेढीचा हप्ता. एका माणसाच्या एका महिन्याला बावीस रकाने, आणि सगळ्यात शेवटी हातात पडणारी रक्कम.

दुसरी फाईल हिरवी होती, कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मी सवयीने हजेरीचा कागद शोधायला लागले. सापडेना. वरिष्ठांना विचारलं तर ते खो खो हसले. त्या फाईलीत हजेरीचा रकानाच नव्हता. कर सोडला तर वजावटही जवळजवळ नाही. होते ते सगळे देण्याचे रकाने : घर, गाडी, गाडीचा चालक, क्लबची वर्गणी, फोन, कुटुंबाचा प्रवास, मुलांचं शिक्षण, आणि 'इतर'. या 'इतर'मध्ये काय काय मावतं ते पुढच्या उत्तरात सांगते.

आता ठरवतं कोण. तुमचा आकडा ठरवताना विचारतात, किती दिलं म्हणजे हा सोडून जाणार नाही? साहेबांचा ठरवताना विचारतात, बाकीच्या कंपन्या आपापल्या साहेबांना किती देतात? प्रश्नच वेगळे, मग उत्तरं सारखी कशी येतील?

मोठ्या कंपनीत संचालक मंडळाची एक वेतन समिती असते. ती सल्लागार नेमते. सल्लागार 'आपल्यासारख्या' दहा-वीस कंपन्यांची यादी करतो आणि त्यांच्या प्रमुखांचे पगार उतरत्या क्रमाने मांडतो. मग समितीत कुणीतरी म्हणतं, आपला माणूस सरासरीच्या खाली कसा चालेल? लोक काय म्हणतील? सरासरीच्या वर ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची समिती हीच यादी बघते. तिच्यात आता तुमचे साहेब वर गेलेले असतात, म्हणून ती आपल्या साहेबांना आणखी वर नेते. वर्गातल्या प्रत्येक मुलाला सरासरीपेक्षा जास्त मार्क द्यायचे ठरवले तर सरासरीचं काय होईल, तेच इथे होतं. आणि समितीत बसलेले बरेच जण स्वतः कुठल्यातरी कंपनीचे आजी-माजी प्रमुख असतात, तेव्हा फूटपट्टी आखडती धरायची कुणालाच घाई नसते.

हे कायम असंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेच्या हिशेबाने तिथल्या बड्या कंपन्यांच्या प्रमुखाला १९६५ मध्ये सामान्य कामगाराच्या सुमारे २१ पट मिळायचं. २०२३ मध्ये ते सुमारे २९० पट झालं. प्रमुख काही चौदापट हुशार झाले नाहीत. पगार देण्याची रीत बदलली. रोख पगाराच्या जागी शेअर आले, आजच्या भावाने पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे स्टॉक ऑप्शन, आले.

त्यातही गंमत बघा. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने हे पगार आवरायला कायदा केला : बड्या अधिकाऱ्याच्या दहा लाख डॉलरवरच्या पगाराला कंपनीला करात खर्च म्हणून सूट नाही. पण 'कामगिरीवर आधारित' मोबदल्याला त्यातून वगळलं. झालं. सगळ्यांनी ऑप्शनला कामगिरीचं नाव दिलं आणि बांध घालायच्या जागीच पाट निघाला. ती पळवाट २०१७ च्या करकायद्याने बुजवली. तोवर चोवीस वर्षं वाहून गेली होती.

ऑप्शनचा स्वभावही लक्षात घ्या. सगळा बाजार वर गेला की कंपनीचा शेअरही वर जातो, आणि आरवणारा कोंबडा म्हणतो, सूर्य मी उगवला. उलट भाव पडला तर काही कंपन्या ऑप्शनमध्ये ठरलेला शेअरचा भावच खाली आणून देतात, म्हणजे साहेबांचा उत्साह टिकावा. तुमच्या खात्याचं उत्पादनाचं टार्गेट हुकलं तेव्हा टार्गेट खाली आणलेलं आठवतंय का कधी? मला चौतीस वर्षांत एकदाही आठवत नाही.

मुलीला सांगा, अहवालात आणखी एक ओळ शोध : प्रमुखाचा मोबदला कामगारांच्या मध्यम पगाराच्या किती पट. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना ही ओळ द्यावी लागते. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने, अमेरिकेत २०१० च्या कायद्याने (आकडे यायला २०१८ उजाडलं), ब्रिटनमध्ये २०१९ पासून. मध्यम पगार म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्याचा पगार बघायचा. पण रांगेत कोण उभं आहे हे आधी बघा. ठेकेदाराची माणसं बहुतेक वेळा त्या रांगेत नसतात. सफाई, पहारा, लोडिंग-अनलोडिंग ठेक्यावर दिलं की सगळ्यात कमी पगाराची माणसं रांगेतून नाहीशी होतात, मधला माणूस वर सरकतो आणि एका पैशाचीही वाढ न देता कंपनीचं गुणोत्तर सुधारतं.

वाटाघाटीला बसाल तेव्हा एमडींचा एकटा आकडा घेऊन जाऊ नका. ते म्हणतील, 'त्यांच्याशी तुमची तुलना कशाला?' आणि विषय तिथेच बुडेल. पाच वर्षांचे तीन रकाने काढा : कंपनीचा नफा, एमडींचा मोबदला, तुमच्या खात्याचा मूळ पगार. तिन्ही टक्क्यांत. कागद मधे ठेवा आणि गप्प बसा. त्यांना बोलू द्या.

प्रश्न : मी ऑफिसात प्रवासाची बुकिंगं करते. साहेबांचं ऐन वेळचं बिझनेस क्लासचं तिकीट मी कुणालाही न विचारता काढू शकते. पण परवा मी स्वतः कामासाठी टॅक्सीने गेले तर पावती पुसट आहे म्हणून माझं व्हाऊचर परत आलं. बिल सोबत जोडलंय. मी चिडते आहे की माझंच चुकतंय?

उत्तर : ते बिल यापुढे कुणालाही पाठवू नका. नोकरी जाईल आणि साहेबांना धक्काही लागणार नाही.

आणि चिडा, खुशाल चिडा. पुसट पावत्या मी आयुष्यभर हाताळल्या. आमचा एक फिल्डवरचा माणूस होता, महिन्याच्या शेवटी बसची तिकिटं रबरबँडात बांधून आणायचा. खिशात घामाने भिजलेली, घडीवर आकडा गेलेला. एकेक तिकीट मी खिडकीपाशी उजेडात धरून वाचायचे. वाचता आलं नाही तर नियम होता, अमान्य. तो काही बोलायचा नाही, उरलेली तिकिटं पुन्हा खिशात ठेवायचा. त्याचं व्हाऊचर तीन सह्यांचं : त्याचा सुपरवायझर, खातेप्रमुख, मग आमचा विभाग. हिरव्या फाईलीत एका साहेबांची महिन्याची एकच ओळ असायची. 'इतर, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे.' सही त्यांचीच. पहिल्या महिन्यात मी पावत्या मागितल्या. दुसऱ्या महिन्यापासून मागितल्या नाहीत, मला तशी समज मिळाली होती. माझ्या भित्रेपणाचा हा एक नमुना, कबूल करून टाकते.

सवलतींची खरी गोम पैशात नाहीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय व्हाऊचरवर उतरलेला असतो. खालच्या माणसाने चोरलं नाही हे त्याने सिद्ध करायचं, वरच्याने चोरलं हे कुणी सिद्ध करायला जायचं नाही.

वर बसलेल्यांना हे दिसत नाही, यात त्यांचा कावा असतोच असंही नाही. सवय असते. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या तीन बड्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे २५ अब्ज डॉलरची मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. तिघे तीन खाजगी विमानांतून, तेही एकाच शहरातून. सुनावणीत एका सदस्याने विचारलं, साध्या प्रवासी विमानाने कोण आलंय, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. मग विचारलं, विमान विकून साध्या विमानाने परत जायला कोण तयार आहे? पुन्हा शांतता. पुढच्या महिन्यात तिघेही मोटारीने आले. मोटारी बनवणाऱ्यांना मोटारीत बसायची आठवण करून द्यावी लागली!

आणि हे खुर्ची सुटली तरी सुटत नाही. जनरल इलेक्ट्रिक या बड्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श २००१ मध्ये निवृत्त झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या घटस्फोटाचे कागद कोर्टात आले तेव्हा कळलं, की कंपनीचं विमान, न्यूयॉर्कमधलं घर, सामन्यांची तिकिटं हे सगळं निवृत्तीनंतरही चालूच होतं. बोभाटा झाल्यावर त्यांनी बहुतेक सगळं सोडलं. भागधारकांना याची नीट माहिती दिली नव्हती, असा ठपका तिथल्या बाजार नियामकाने २००४ मध्ये कंपनीवर ठेवला. म्हणजे पत्नीचा वकील कामाला लागला नसता तर मालकांनाही पत्ता नव्हता.

तुमच्यापुरता उपाय साधा. त्या पावत्या शाईने नाही, उष्णतेने छापतात, अक्षरं लवकर उडायला लागतात. मिळाल्या क्षणी फोटो काढा आणि व्हाऊचरला त्याचा प्रिंट लावा.

प्रश्न : मी ठेकेदाराकडून सफाईला येते. पगार कमी आहे ते माहीतच होतं. पण आम्हाला लिफ्ट बंद. बादली घेऊन सहा मजले चढायचे. वरचा मजला साहेब लोकांचा, तिथली लिफ्ट रिकामी वर-खाली करते. दुपारी बसायला खुर्ची नाही, जिन्यात बसतो. हे पण पगारातच येतं का?

उत्तर : येतं, ताई. फक्त पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांची तब्येत वर्षानुवर्षं तपासली गेली. व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला. पुढे मायकेल मार्मट या डॉक्टरांनी त्याचे निष्कर्ष मांडले. सगळे पुरुष, सगळे ऑफिसातले, कुणी उपाशी नाही, कुणी खाणीत उतरत नाही. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिपाई-पहारेकऱ्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, सगळं जमेस धरलं तरी फरक पुरता उलगडेना. आणि बाईमाणसांना धरून १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात एक गोष्ट पुढे आली : आपल्या कामावर आपला ताबा किती. कधी बसायचं, कुठून जायचं, काम कुठल्या क्रमाने करायचं, हे ज्याला ठरवता येत नाही त्याचं हृदय जास्त झिजतं. साहेबांवर ताण असतो, हे खरंच आहे. पण ताण आला की ते दार लावून घेऊ शकतात. तुम्हाला दारच नाही.

लिफ्ट वेगळी ठेवल्याशिवाय कंपनी चालत नाही, हे कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलमध्ये प्रमुख अँडी ग्रोव्ह इतरांसारखेच अर्ध्या भिंतींच्या कप्प्यात बसायचे आणि गाडी लावायला त्यांची राखीव जागा नव्हती. होंडाच्या कारखान्यांत सगळ्यांना एकच पांढरा गणवेश आणि एकच कॅन्टीन. दोन्ही कंपन्या जगभर धंदा करत होत्या.

लिफ्टचं एकट्याने विचारू नका, ठेकेदार तुम्हालाच बदलेल. पाच-सहा जणींनी मिळून विचारा आणि मागणी लेखी करा. 'लिफ्ट द्या' असं मोघम नको. 'सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी दोन ते तीन बादल्या-सामानासह लिफ्ट वापरू द्यावी, जिन्याखालच्या जागेत चार खुर्च्या द्याव्यात' असं वेळेसकट लिहा. नेमक्या मागणीला 'नाही' म्हणताना माणसाला कारण द्यावं लागतं.

प्रश्न : माझा छोटा कारखाना आहे, साठ माणसं. तुमचं सदर वाचून वाटलं, आपलाच पगार निम्मा करून टाकावा. माणसं जीव लावून काम करतील का?

उत्तर : मन चांगलं आहे तुमचं, पण थांबा जरा.

जपान एअरलाइन्सचे प्रमुख हारुका निशिमात्सू यांची जगभर वाहवा झाली होती. पगार वैमानिकांपेक्षा कमी करून घेतला, बसने कामावर यायचे, कॅन्टीनमध्ये रांगेत उभे राहायचे. जानेवारी २०१० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मग काझुओ इनामोरी आले, वय ७८, पगार शून्य. त्यांनी कंपनी सावरली, २०१२ मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात आली. पण या सावरण्यात सुमारे १६ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. साहेब फुकट राबतोय म्हणून त्या वाचल्या नाहीत. तेव्हा तुमच्या त्यागाने साठ चुली पेटत राहतीलच, असं मनात धरू नका.

इनामोरींकडून घेण्यासारखं दुसरंच आहे. त्यांनी कंपनीचे लहान लहान गट पाडले आणि प्रत्येक गटाला स्वतःचा जमाखर्च दर महिन्याला दाखवायला लागले. विमान एकदा उडालं की किती आले, किती गेले, हे त्या विमानावर काम करणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं. तुम्ही हे पुढच्या महिन्यात करू शकता. साठ माणसांच्या कारखान्यात एक फळा पुरतो.

पगार कापायचाच असेल तर वेळ ओळखून कापा. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेन्डोचे प्रमुख सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये कंपनीचा अंदाज सपशेल चुकल्यावर स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला, बाकीच्या संचालकांचाही कमी केला. कामगार कपातीला ते नाही म्हणत आले होते. चूक वरची, कात्री वर. हे माणसांच्या लक्षात राहतं. चांगल्या दिवसात घेतलेला अर्धा पगार हा देखावा वाटतो.

स्पेनच्या बास्क भागात मोंड्रागोन नावाच्या सहकारी संस्था १९५६ पासून चालू आहेत. आज त्यांत ७० हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि वरच्या-खालच्या पगारातलं अंतर बहुतेक ठिकाणी सहापटीच्या आसपास. ते अंतर कामगार-सभासद मत देऊन ठरवतात. तिथला प्रमुख त्यागमूर्ती नसतो, त्याला कुणीतरी विचारणारं असतं.

आणि मला विचाराल तर, पगार राहू द्या. ओव्हरटाइमचे पैसे त्याच महिन्यात द्या. सही राहिली म्हणून पुढे ढकलू नका. एवढ्याने किती फरक पडतो ते मी खिडकीच्या आतून बघितलंय.

प्रश्न : तुमच्या लिखाणात असूया आहे. मी वरिष्ठ पदावर आहे. रात्री दोनला फोन येतात. निर्णय चुकला तर हजारो लोकांचं नुकसान. जोखीम आम्ही घेतो, मोबदला आम्हाला मिळतो. यात अन्याय कुठे?

उत्तर : असूया आहे, थोडी. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे लिहून होणारच. फोनही खरे असतील. पण जोखीम म्हणजे काय ते एकदा ठरवू. चुकल्यावर ज्याचं जातं त्याची जोखीम.

स्वित्झर्लंडची गोष्ट सांगते. २००१ मध्ये तिथली विमान कंपनी स्विसएअर बुडाली. तिच्या प्रमुखांना नेमतानाच पाच वर्षांचा पगार, १ कोटी २५ लाख फ्रँक, आगाऊ दिला होता. टूथपेस्ट-माउथवॉश बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं बिल मात्र स्विसएअरकडे थकलं होतं, आणि ती कंपनीच बुडायची वेळ आली. तिचे मालक थॉमस मिंडर यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. ३ मार्च २०१३ ला देशभर मतदान झालं : वरिष्ठांच्या मोबदल्यावर भागधारकांचं मत बंधनकारक, आणि जाताना-येताना द्यायची घसघशीत रक्कम बंद. ६७.९ टक्के लोक 'हो' म्हणाले. मतदानाच्या तोंडावरच नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या मावळत्या अध्यक्षांना ७ कोटी २० लाख फ्रँक देणार अशी बातमी फुटली होती. काम करण्याबद्दल नव्हे, सहा वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याबद्दल. ओरड झाली, ती रक्कम रद्द झाली. मिंडरना यापेक्षा चांगला प्रचारक मिळाला नसता.

मी फुल अँड फायनलचे, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचे शेवटचे हिशेबही करायचे. कामगाराचा हिशेब : नोटिशीचे दिवस भरले का, बूट-हेल्मेट परत केलं का, ओळखपत्र हरवलं असेल तर त्याचे पैसे कापा. ज्यांच्या निर्णयाने ते खातं बंद पडलं, त्यांचाही हिशेब माझ्याच टेबलावर झाला. त्यांच्या करारात 'गेल्यास किती' हे आल्या दिवशीच लिहिलेलं होतं. गाडी त्यांनी नाममात्र किमतीत घेतली. ओळखपत्र परत केलं की नाही, मला आठवत नाही. कुणी विचारलं नव्हतं.

प्रश्न : मग कायद्यानेच कमाल मर्यादा का घालत नाहीत? बारापट म्हणजे बारापट.

उत्तर : हाच आकडा घेऊन त्याच स्वित्झर्लंडमध्ये त्याच वर्षी, २४ नोव्हेंबर २०१३ ला मतदान झालं. वर्षभरात खालच्या माणसाला जेवढं मिळतं त्यापेक्षा जास्त वरच्याने महिन्यात घेऊ नये, असा प्रस्ताव होता. ६५.३ टक्के लोकांनी तो फेटाळला. मार्चमध्ये मिंडरना मत दिलेले कितीतरी जण त्यात असणार. लोकांना लूट नको होती, पण सरकारने पट ठरवलेलीही नको होती. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये वेगळी वाट काढली : प्रमुखाला मध्यम कामगाराच्या शंभरपट किंवा जास्त मिळत असेल तर कंपनीच्या शहर करावर १० टक्के अधिभार, अडीचशेपट किंवा जास्त असेल तर २५ टक्के. मला ती पसंत आहे. घ्या हवं तेवढं, पण त्याची किंमत मोजा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. माझ्याच दिवशी लागलेली, माझंच काम करणारी सहकारी आहे. बोलता बोलता कळलं, तिचा पगार माझ्यापेक्षा बराच कमी आहे. तिला माझा आकडा माहीत नाही. नेमणूकपत्रात लिहिलंय, पगार गोपनीय ठेवावा. सांगू का?

उत्तर : तू माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. आधी नेमणूकपत्रातलं ते कलम आणि तुमच्याकडचा कायदा कुणा जाणत्याला दाखव. ठिकाणाठिकाणी फरक आहे. अमेरिकेत खाजगी नोकरीतल्या बहुतेक कामगारांना आपसात पगाराची चर्चा करायचा हक्क १९३५ च्या कायद्यानेच आहे, तरी तिथेही कितीतरी जण दबकून असतात. नॉर्वेत तर कुणाचंही करपात्र उत्पन्न कुणालाही बघता येतं. फक्त २०१४ पासून, कोण बघून गेलं हे त्या माणसाला कळतं. ते कळायला लागल्यावर बघणाऱ्यांची गर्दी एकदम ओसरली. शेवटी माणसं सगळीकडे सारखीच.

गोपनीयतेचा फायदा कुणाला, हे मी एकदाच शिकले, पण नीट शिकले. नोकरीला सात वर्षं झाली होती. आमच्या विभागात एक नवा मुलगा आला, माझ्याच टेबलासमोर, माझंच काम. त्याचं नाव पगारपत्रकावर मी माझ्या हाताने चढवलं. मूळ पगाराचा आकडा लिहिला आणि पेन तिथेच थांबलं. माझ्यापेक्षा जास्त. मी तो कागद पुन्हा एकदा तपासला, त्याच्या वरची माझी ओळ तपासली. मग साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, 'ही माहिती तुम्हाला कामामुळे मिळालीय. ती स्वतःसाठी वापरणं हा गैरवापर आहे.' मी परत येऊन बेरीज पूर्ण केली.

आठ-दहा दिवसांनी जेवायच्या सुट्टीत तो मुलगाच म्हणाला, 'ताई, मला इतके मिळतात, तुम्हाला?' त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, भोळेपणाने विचारलं. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला : माझ्या सहकाऱ्याने मला स्वतःहून सांगितलं आहे, सबब माहितीचा गैरवापर नाही. त्याला विचारून त्याचं नाव घातलं. तो म्हणाला, घाला.

चार महिन्यांनी वाढ मिळाली. फरकातली निम्मी. उरलेली निम्मी मी निवृत्त होईपर्यंत मागत राहिले.

तेव्हा सांग. पण आधी तिला विचार, तिला ऐकायचंय का, आणि ती अर्ज करणार असेल तर तुझं नाव घालायला तू तयार आहेस का, हे घरून ठरवून जा.